होमी भाभा : अणूच्या प्रयोगशाळेत ज्यांनी देशाच्या संगणकाचाही पाया घातला

नाशिककरांना फौज काही परकी नाही. देवळालीत तोफखान्याचं प्रशिक्षण केंद्र आहे, ओझरला लढाऊ विमानांचा कारखाना आहे. आमच्या वर्गातल्या काही पोरांचे मामा, चाचा तिथे नोकरीला जातात. त्यामुळे फौज म्हटलं की आमच्या मुलांच्या डोळ्यांसमोर तोफ येते, विमान येतं. पण परवा नववीच्या वर्गात एका मुलाने विचारलं की सर, फौजेत आता सायबरवाले पण असतात म्हणे, ते नेमकं काय करतात? त्यांच्याकडे बंदूक असते का?

वर्ग हसला, आम्हीही हसलो. पण प्रश्न चांगला होता. त्याचं उत्तर द्यायला आम्ही फळ्यावर एक नाव लिहिलं, होमी भाभा. मुलं गोंधळली. भाभा म्हणजे अणुऊर्जा, एवढंच त्यांच्या पुस्तकात आहे. संगणकाशी आणि संरक्षणाशी त्यांचा काय संबंध? तो संबंध मोठा आहे, आणि तो आपल्या मुलांना माहीत असायला हवा. म्हणून हा लेख.

इंजिनिअर व्हायला गेले, आणि...

होमी जहांगीर भाभा यांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईत एका पारशी कुटुंबात झाला. वडील जहांगीर भाभा वकील. आजोबा हर्मुसजी म्हैसूर संस्थानात शिक्षण खात्याचे मोठे अधिकारी होते. आत्या मेहरबाई या दोराबजी टाटांच्या पत्नी. म्हणजे घरात शिक्षणही होतं आणि पैसाही होता. पुस्तकांनी भरलेली कपाटं, पाश्चात्त्य संगीताच्या तबकड्या, चित्रकलेची शिकवणी, हे सगळं लहानपणीच मिळालं.

हे आम्ही मुद्दाम सांगतो. मोठ्या माणसाची गोष्ट सांगताना गरिबीतून वर आलेला मुलगा असा साचा आपल्याला आवडतो. भाभांची गोष्ट तशी नाही. त्यांना सगळं मिळालं होतं. पाहायचं ते हे, की मिळालेल्याचं त्यांनी काय केलं.

कॅथेड्रल शाळा, एल्फिन्स्टन कॉलेज, रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स असा प्रवास करून १९२७ मध्ये ते केंब्रिजला गेले. घरच्यांचा बेत पक्का होता. मुलाने मेकॅनिकल इंजिनिअरिंग करायचं आणि जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात रुजू व्हायचं. पण मुलाचं मन पदार्थविज्ञानात अडकलं. त्यांनी वडिलांना पत्र लिहून तसं स्पष्ट कळवलं. वडिलांनी रागावण्याऐवजी एक अट घातली. आधी इंजिनिअरिंगची परीक्षा पहिल्या वर्गात पास हो, मग पुढचा खर्च आम्ही करू. १९३० मध्ये त्यांनी ती अट पूर्ण केली आणि वडिलांनी शब्द पाळला.

दहावीनंतर मुलाला काय करायचंय हे न विचारता फॉर्म भरून टाकणाऱ्या पालकांनी या वडिलांकडे जरूर बघावं. त्यांनी मुलाचं मन मोडलं नाही, आणि त्याला मोकाटही सोडलं नाही.

पुढे केंब्रिजमध्ये भाभांनी मूलकणांवर संशोधन केलं. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन एकमेकांवर आदळून कसे विखुरतात याचं त्यांनी मांडलेलं गणित आजही भाभा स्कॅटरिंग या नावाने जगभर शिकवलं जातं. १९३७ मध्ये हाइटलर यांच्यासोबत त्यांनी विश्वकिरणांच्या वर्षावाचा सिद्धांत मांडला. तिशीच्या आत युरोपातल्या मोठ्या शास्त्रज्ञांमध्ये त्यांचं नाव घेतलं जाऊ लागलं.

सुट्टीवर आले आणि इथलेच झाले

१९३९ मध्ये भाभा सुट्टीसाठी भारतात आले आणि तेवढ्यात दुसरं महायुद्ध पेटलं. परतीचा रस्ता बंद झाला. बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये सी. व्ही. रामन होते. तिथे भाभांनी विश्वकिरणांच्या अभ्यासाचा विभाग सुरू केला. १९४१ मध्ये ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे फेलो झाले. वय अवघं ३१.

युद्ध संपल्यावर ते परत जाऊ शकले असते. केंब्रिजचं दार उघडंच होतं. पण बंगळुरूच्या त्या वर्षांत त्यांचा विचार बदलला. १२ मार्च १९४४ रोजी त्यांनी सर दोराबजी टाटा ट्रस्टला पत्र लिहून मूलभूत विज्ञानाची एक संस्था भारतात काढण्याची मागणी केली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की अणुऊर्जा पुढे वीजनिर्मितीला वापरली जाईल तेव्हा भारताला तज्ज्ञ बाहेरून आणावे लागू नयेत, ते घरातच तयार असावेत. लक्षात घ्या, तेव्हा हिरोशिमा घडलेलं नव्हतं. देशही स्वतंत्र झाला नव्हता.

१ जून १९४५ रोजी टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्च, म्हणजे टीआयएफआर, बंगळुरूत सुरू झाली. त्याच वर्षाच्या अखेरीस ती मुंबईत पेडर रोडवरच्या केनिलवर्थ बंगल्यात आली. पुढे कुलाब्याला समुद्राकाठी तिची आजची देखणी इमारत उभी राहिली. त्या इमारतीत एम. एफ. हुसेन यांचं भलंमोठं भित्तिचित्र आहे. भाभा स्वतः चांगले चित्रकार होते. प्रयोगशाळेत चित्र हवं, बाहेर बाग हवी, आणि बांधकामात येणारं झाड तोडायचं नाही, मुळासकट हलवून दुसरीकडे लावायचं, असा त्यांचा कटाक्ष असे.

स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये अणुऊर्जा आयोग स्थापन झाला आणि भाभा त्याचे पहिले अध्यक्ष झाले. १९५४ मध्ये तुर्भ्याला अणुऊर्जा केंद्र सुरू झालं. ४ ऑगस्ट १९५६ रोजी तिथे अप्सरा ही अणुभट्टी चालू झाली. तिचं इंधन ब्रिटनमधून आलं, पण तिच्यावर ताबा ठेवणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा आपल्या माणसांनी इथेच बनवली. ही बाब छोटी वाटते, पण आमच्या विषयाची खरी सुरुवात इथूनच होते. बाहेरचं यंत्र विकत घेता येतं. त्याचा लगाम मात्र आपल्या हातात असला पाहिजे, हे भाभांना फार लवकर उमगलं होतं.

दहा हजार बाइटचा संगणक

पन्नासच्या दशकात भारतात संगणक म्हणजे काय हे मोजक्या लोकांना माहीत होतं. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेने १९५५ मध्ये इंग्लंडहून एक संगणक आणला होता. भाभांनी दुसरा रस्ता धरला. आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली टीआयएफआरमधल्या तरुणांना त्यांनी सांगितलं की यंत्र आपणच बनवायचं. या पोरांपैकी बहुतेकांनी त्याआधी संगणक हाताळलाही नव्हता.

आधी एक लहान नमुना तयार झाला. मग फेब्रुवारी १९६० मध्ये पूर्ण संगणक चालू झाला. १९६२ मध्ये त्याला टीआयएफआरएसी हे नाव मिळालं. त्यात सुमारे २,७०० व्हॅक्यूम ट्यूब होत्या. स्मरणशक्ती होती ४० बिटांच्या २,०४८ शब्दांची. आम्ही वर्गात मुलांना याचा हिशोब करायला लावला. उत्तर आलं १०,२४० बाइट. आज व्हॉट्सअॅपवर सकाळी सकाळी येणारा फुलांचा एक फोटोसुद्धा त्यात मावणार नाही.

जगाच्या बाजारात तोपर्यंत ट्रान्झिस्टरचे संगणक आले होते, म्हणजे आपलं यंत्र तयार होईपर्यंत जुनं झालं होतं. मग फायदा काय झाला? फायदा माणसांचा झाला. संगणक आतून कसा चालतो, बिघडला तर कुठे हात घालायचा, हे जाणणारी पहिली भारतीय पिढी त्या खोलीत तयार झाली. १९६४ मध्ये टीआयएफआरने अमेरिकेचा मोठा सीडीसी ३६०० संगणक आणला, तेव्हा तो वापरायला माणसं घरचीच होती.

१९६२ चा धक्का

ऑक्टोबर १९६२ मध्ये चीनने हल्ला केला. त्या पराभवाची कारणं अनेक सांगितली जातात. थंडीचे कपडे नव्हते, रस्ते नव्हते, रायफली जुन्या होत्या. आणखी एक उणीव होती, ती संपर्काची. आघाडीवरची तुकडी आणि मागचं ठाणं यांच्यात धड बोलणं होत नसेल तर जवान कितीही बहाद्दर असो, तो आंधळा आणि बहिरा होऊनच लढतो. वायरलेस, रडार, त्यांचे सुटे भाग, सगळ्यासाठी देश बाहेरच्यांच्या तोंडाकडे बघत होता.

सरकारने ऑगस्ट १९६३ मध्ये इलेक्ट्रॉनिक्स समिती नेमली. अध्यक्ष होमी भाभा. सोबत विक्रम साराभाई, संरक्षण मंत्र्यांचे वैज्ञानिक सल्लागार एस. भगवंतम आणि तुर्भ्याचे ए. एस. राव. पुढच्या दहा वर्षांत देशाला किती रेडिओ, किती रडार, किती संगणक लागतील आणि ते इथेच कसे बनतील, याचा आराखडा या समितीने केला.

समितीच्या कामाचं सार आमच्या शब्दांत असं : इलेक्ट्रॉनिक्स हा चैनीचा उद्योग नाही. शेतीला पाणी तसं आधुनिक संरक्षणाला इलेक्ट्रॉनिक्स. संरक्षणाचं वेगळं आणि लोकांचं वेगळं असंही करून चालत नाही. ज्या कारखान्यात रेडिओचा सुटा भाग बनतो तिथेच उद्या रडारचा बनू शकतो.

याच सुमारास, १९६४ मध्ये, आपल्या ओझरचा विमान कारखाना मिग विमानांसाठी उभा राहिला. विमानाचा सांगाडा नाशिकला, इंजिन ओडिशात कोरापुटला आणि इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादला, अशी कामाची वाटणी झाली. म्हणजे १९६२ च्या धक्क्यानंतर देश जे शिकत होता त्याचा एक धडा आपल्या गावाच्या वेशीवर लिहिला जात होता.

बॉम्बचा प्रश्न

भाभांची गोष्ट सांगताना एक अवघड पान उलटून पुढे जाता येत नाही. १९५५ मध्ये जिनिव्हाला अणुशक्तीच्या शांततामय वापरावर संयुक्त राष्ट्रांची परिषद झाली, तिचे अध्यक्ष भाभा होते. तेच भाभा १६ ऑक्टोबर १९६४ च्या चीनच्या अणुचाचणीनंतर काही दिवसांतच आकाशवाणीवर बोलले आणि दहा किलोटनांच्या स्फोटाचा खर्च सुमारे साडेसतरा लाख रुपये येईल असा आकडा त्यांनी दिला. नि:शस्त्रीकरण व्हावं असंही त्यांचं म्हणणं होतं. पण देशाकडे क्षमता असावी हे त्यांनी लपवलं नाही.

तो आकडा फार कमी होता, अशी टीका तेव्हाही झाली आणि नंतरही. सगळे अधिकार एकाच माणसाच्या हातात आणि विद्यापीठं मात्र कोरडी, हाही आक्षेप त्यांच्यावर घेतला गेला. त्यात तथ्य आहे. मोठ्या माणसाला मोठं म्हणताना त्याच्या हिशोबाची वही बंद करायची नसते, असं आम्ही मुलांना सांगतो.

२४ जानेवारी १९६६

११ जानेवारी १९६६ रोजी ताश्कंदला पंतप्रधान लालबहादूर शास्त्री गेले. २४ जानेवारीला इंदिरा गांधींचा शपथविधी होता. त्याच दिवशी सकाळी भाभा एअर इंडियाच्या कांचनजंगा या बोइंग विमानाने व्हिएन्नाच्या बैठकीसाठी निघाले होते. जिनिव्हाला उतरण्याच्या बेतात असलेलं ते विमान युरोपातल्या माँ ब्लाँ पर्वतावर आदळलं. ११७ जण होते, कोणीही वाचलं नाही. भाभा ५६ वर्षांचे होते.

दरवर्षी जानेवारी आला की व्हॉट्सअॅपवर एक मेसेज फिरतो. भाभांना अमेरिकेच्या गुप्तहेरांनी मारलं, विमानात बॉम्ब होता वगैरे. शिक्षक मित्रही तो पुढे ढकलतात. फ्रान्समध्ये या अपघाताची रीतसर चौकशी झाली. तिचा निष्कर्ष असा, की विमानाचं दिशा सांगणाऱ्या दोन उपकरणांपैकी एक बैरूतहून निघतानाच बंद होतं. वैमानिकाने आपण कुठे आहोत याचा अंदाज बांधला. जिनिव्हाच्या रडारवरच्या माणसाने त्याला खरी जागा सांगितली, पण त्या बोलण्याचा अर्थ त्याने वेगळा घेतला. माँ ब्लाँ मागे पडला असं समजून त्याने विमान खाली आणलं.

माँ ब्लाँच्या हिमनदीतून त्या विमानाचे अवशेष आजही वर येतात. २०१२ मध्ये टपालाची एक थैली मिळाली. २०२० मध्ये इंदिराजींच्या निवडीच्या बातम्या असलेली भारतीय वर्तमानपत्रं मिळाली. बर्फाने कागद सांभाळून ठेवला. पण कटाचा पुरावा आजवर कोणी समोर ठेवलेला नाही.

आम्हाला या अपघातात एक कडवट गोष्ट दिसते. ज्या माणसाने आयुष्यभर अचूक उपकरणं आणि खात्रीचा संपर्क यांसाठी धडपड केली, त्याचा जीव एका बंद उपकरणाने आणि एका चुकीच्या समजलेल्या संदेशाने घेतला. आणि त्याच्याच नावाने आपण आज न तपासलेले संदेश पसरवतो. सायबर सुरक्षेचा पहिला धडा हाच आहे. आलेला संदेश आधी तपासा, मग विश्वास ठेवा.

मागे काय उरलं

समितीचा अहवाल भाभांच्या मृत्यूनंतर समोर आला. त्यातून पुढे बरंच घडलं. १९६७ मध्ये हैदराबादला ईसीआयएल ही सरकारी कंपनी निघाली, तिथे संगणक बनले. १९७० मध्ये केंद्राचं स्वतंत्र इलेक्ट्रॉनिक्स खातं झालं. टीआयएफआरमधल्याच एका विभागातून १९७७ नंतर सूक्ष्मलहरी आणि रडार तंत्रावर काम करणारी समीर ही संस्था वाढली. नरसिंहन यांच्या गटातून सॉफ्टवेअरचं राष्ट्रीय केंद्र उभं राहिलं, जे पुढे सी-डॅकमध्ये मिसळलं. त्याच केंद्राने देशाला इंटरनेटशी जोडण्याच्या सुरुवातीच्या कामात मोठा वाटा उचलला.

पण सगळंच जमलं नाही. चिप बनवण्यात देश मागे पडला. मोहालीच्या सरकारी चिप कारखान्याला १९८९ मध्ये आग लागली आणि गाडी आणखी रखडली. आज आपल्या खिशातल्या फोनपासून मोठमोठ्या यंत्रणांपर्यंत बहुतेक चिपा बाहेरून येतात. कुलूप दुसऱ्याच्या कारखान्यातलं असेल तर जादा किल्ली कोणाकडे राहिली, ही शंका मनातून जात नाही.

ही शंका हवेतली नाही. जून १९९८ मध्ये, पोखरणच्या चाचण्यांनंतर काही आठवड्यांतच, परदेशातल्या काही किशोरवयीन हॅकरांनी थेट भाभा अणुसंशोधन केंद्राच्या संगणकांत शिरकाव केला, ई-मेल पळवल्या आणि संकेतस्थळाची मोडतोड केली. पोरं दहावी-बारावीच्या वयाची होती. २०१० मध्ये स्टक्सनेट नावाचा व्हायरस जगासमोर आला. इराणच्या नतान्झ इथल्या अणुकेंद्रातली यंत्रं त्याने एकही गोळी न झाडता निकामी केली. तिथले संगणक इंटरनेटला जोडलेले नव्हते, तरी तो आत गेला. असा व्हायरस साध्या पेनड्राइव्हमधूनही पसरतो. २०१९ मध्ये आपल्या कुडनकुलम अणुवीज केंद्राच्या कार्यालयीन संगणकात घातक सॉफ्टवेअर सापडल्याचं अणुवीज महामंडळाने मान्य केलं. अणुभट्टी चालवणारी यंत्रणा वेगळी असल्याने ती सुरक्षित राहिली. त्याच वर्षी तिन्ही दलांची मिळून संरक्षण सायबर संस्था कामाला लागली.

म्हणजे त्या नववीच्या मुलाचं उत्तर असं आहे. हो बाळा, फौजेत सायबरवाले असतात. रडारसारख्या फौजेच्या यंत्रणांत चोरपावलांनी कोणी शिरू नये म्हणून ते रात्रंदिवस जागतात. त्या लढाईत गणित हे हत्यार आहे.

आणि गणित काही आपल्याला परकं नाही. नवव्या शतकात बगदादच्या अल-किंदीने गुप्त लिपी फोडायची रीत लिहून ठेवली. कोणतं अक्षर किती वेळा येतं ते मोजा, आणि कुलूप उघडा. आम्ही वर्गात मुलांना उर्दू आणि मराठी दोन्ही लिप्यांत हा खेळ खेळायला देतो. ज्या मुलाला पाढे नकोसे वाटतात तोही तासभर अक्षरं मोजत बसतो. इल्म अशी गोष्ट आहे की एकदा चव लागली की सुटत नाही.

पारशी समाज या देशात मूठभर आहे. त्या समाजातल्या एका माणसाने देशासाठी काय उभं केलं ते आपण पाहिलं. आपण संख्येने कितीतरी जास्त आहोत. आपल्या मोहल्ल्यांत हुशार पोरापोरींची कमी नाही. कमी आहे ती दहावीनंतर योग्य वाट दाखवणाऱ्यांची, आणि आधी ही परीक्षा पास हो, मग तुझ्या आवडीचं शीक, असं म्हणून शब्द पाळणाऱ्या वडिलांची. मुलाच्या हातात मोबाइल आहेच. तो आतून कसा चालतो, हे जाणून घ्यायची भूक त्याच्यात जागवली, तर त्याच मोबाइलपासून पुढचा रस्ता सुरू होतो.

निकालाचे दिवस येतील. फॉर्म भरण्याआधी एक संध्याकाळ आपल्या मुलासोबत, मुलीसोबत बसा. त्यांना काय करायचंय ते विचारा. आणि अट घालायचीच असेल, तर भाभांच्या वडिलांसारखी घाला.